हौसेरावांची खरखर

माझ्यानंतर प्रसादचा रेडिओ कोण धरणार, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही. दुसऱ्या आयांना वाटतं, मुलगा नीट जेवेल का, वेळेवर झोपेल का. प्रसाद जेवतो. वरणभात माझ्यापेक्षा बरा करतो. उरणजवळ द्रोणागिरीला एका कंटेनरच्या गोदामात नोकरी करतो, तिथे त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तिशी उलटून गेलेला, धडधाकट, निर्व्यसनी मुलगा. फक्त रोज संध्याकाळी त्याला गॅलरीत रेडिओ धरून उभं राहणारं एक माणूस लागतं, आणि ते माणूस मी आहे.

आकाशवाणीवर संध्याकाळी जुनी गाणी लागतात. कधीकाळी स्टुडिओत येऊन कुणी गाऊन गेलेली भावगीतं, कोळीगीतं, ज्यांच्या तबकड्या कधी निघाल्या नाहीत. ती प्रसाद घरच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवतो. ऐकायला सोपं वाटतं. रेडिओतून वायर काढायची, कॉम्प्युटरला लावायची, बटण दाबायचं. पण कॉम्प्युटर सुरू झाला की त्याच्याच अंगातून अशी खरखर सुटते, की रेडिओ शेजारी असला तर गाण्याऐवजी पापड तळल्यासारखं ऐकू येतं. म्हणून कॉम्प्युटर आतल्या खोलीत, रेडिओ गॅलरीत, आणि मधे हॉलभर पसरलेली वायर. हे, म्हणजे माझे मिस्टर श्यामसुंदर, तिला अडखळून पडले की पहिल्यांदा विचारतात, "निघाली नाही ना?" स्वतःचा गुडघा नंतर बघतात.

रेडिओ स्टुलावर ठेवून पाहिला. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर ठेवून पाहिला. पण दिवेलागणीला लांबलांबची स्टेशनं आपल्या स्टेशनात घुसतात, आणि मग रेडिओ जरा इकडे, जरा तिकडे फिरवत राहावं लागतं. प्रसाद आत हेडफोन लावून बसतो आणि ओरडतो, "आई, खाडीकडे! आई, जरा डोंगराकडे! आई, बास, हलू नकोस!" मी हलत नाही. नाकावर डास बसला तरी हलत नाही. समोरच्या टॉवरमधल्या एका बाईंनी मला एकदा भाजीवाल्याकडे गाठून अगदी आदराने विचारलं, "काकू, हे कुठलं व्रत? उद्यापन कधी असतं?"

मी म्हटलं, "त्याचं लग्न झालं की."

गंमत अशी, की त्या वेळात घरात बोललेलं चालतं, भांडलेलं चालतं, कुकरच्या शिट्ट्याही चालतात. वायरीत बाहेरचा आवाज शिरत नाही. शिरते ती विजेची खरखर. म्हणून फ्रिज बंद, हे हल्लीचे पांढरे दिवे बंद, मोबाइलचे चार्जर उपटलेले. ह्यांनी समईच्या उजेडात पेपर वाचायचा. "लोकांकडे वीज गेली म्हणून अंधार असतो," हे म्हणतात, "आपल्याकडे वीज असून आहे."

एवढं करूनही कुणाचा तरी मिक्सर फिरतो आणि गाण्यात टर्र उमटते. मग प्रसाद जेवणं झाल्यावर ती काढत बसतो. पडद्यावर गाणं आडव्या कणसासारखं दिसतं. त्यातली एकेक टर्र तो शोधतो, मोठी करून बघतो आणि खुडून टाकतो. माझा हात हलला असेल, तर तेही काढतो. इतक्या वर्षांच्या त्या गाण्यांत मी कुठेही सापडणार नाही, असं त्याचं काम स्वच्छ आहे.

आमची बिल्डिंग घणसोली गावाला लागून आहे. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे देवजींचं घर. गावातले जुने जमीनवाले, आता चार मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्यात. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाची, रूपेशची, हळद होती. दुपारपासून डीजे लागलेला, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. बिल्डिंगमधले लोक तक्रार करायला एकमेकांना पुढे ढकलत होते. तेवढ्यात प्रसाद कामावरून आला आणि बूटसुद्धा न काढता सरळ देवजींकडे गेला. मी घाबरून मागोमाग. हळदीच्या मांडवात जाऊन भांडण काढणाऱ्याला हे लोक हळद लावून परत पाठवतील की आणखी काही लावून, सांगता येत नाही.

प्रसाद म्हणाला, "आजोबा, डीजे वाजू द्या. अजून मोठा करा हवं तर. फक्त त्या लाइटच्या माळा अर्धा तास बंद करता का?"

देवजींनी कानाजवळ हात नेला. "काय म्हंतंस?"

"आवाजाचा त्रास नाही. उजेडाचा आहे."

"आरं पोरा, लोक आवाजाची कंप्लेंट करतान, तू उजेडाची करतंस? तुजा डोका हाय ना ठिकान्यावर?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, याचा लगीन झाला नाय काय अजून?"

"नाही हो."

"मंग बराबर हाय," देवजी म्हणाले, आणि कशात काय बरोबर आहे ते न सांगता त्यांनी माळा बंद करायला लावल्या.

अंधार झाला. डीजे चालूच. आणि इतका वेळ कडेला पदर सावरून बसलेल्या म्हाताऱ्या, आता कुणाला दिसत नाही म्हटल्यावर उठल्या आणि अशा काही नाचल्या, की दिवे परत लागल्यावर निम्म्या जणी घामाने भिजलेल्या आणि कुणीच कबूल होईना. तेव्हापासून गावात कुणाची हळद असली की मधे अर्धा तास माळा बंद करतात. का, ते आता कुणी विचारत नाही. मटणाची पंगत तेवढी त्या वेळात बसवत नाहीत, हाड घशात जाईल म्हणून.

म्हणजे प्रसादमुळे एका गावाची रीत बदलली, पण त्याचं स्वतःचं लग्न काही जमेना. मुली यायच्या, छंद विचारायच्या, तो सांगायचा, आणि मुली चहा संपवायच्या. एकीने विचारलं, "पण मोबाइलवर सगळं मिळतं ना?" प्रसादने तिला पडद्यावरचं कणीस दाखवलं. तिने घड्याळ बघितलं.

अशात सोनलचं स्थळ आलं. वडील हौसेराव, मूळचे कराडकडचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळ्या आणि गर्डरचं दुकान. मुलगी पनवेलला बँकेत. फोटोत चेहरा हसरा. मला ती बघताक्षणी आवडली, आणि प्रसादने फोटो परत द्यायला दोन दिवस लावले, यावरून काय ते मी समजले. हे स्थळ जमावं एवढीच माझी इच्छा होती, अजूनही आहे.

रविवारी दुपारी यायचं ठरलं. रेडिओच्या कार्यक्रमाच्या आधी मंडळी परत जातील, असा माझा हिशेब. पण कळंबोलीच्या नाक्यावर एक ट्रेलर आडवा झाला आणि हौसेराव, त्यांच्या मिसेस आणि सोनल आमच्या दारात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी मनाशी म्हटलं, आज रेडिओला सुट्टी. प्रसादही इस्त्रीच्या शर्टात शहाण्यासारखा बसला.

ह्यांनी बोलता बोलता आमच्याकडे विचारतात तसं विचारलं, "घरात कुणाला काही आजारपण वगैरे?"

हौसेरावांनी छाती पुढे काढली. "श्यामसुंदरराव, आयुष्य लोखंडात गेलं. साठी आली, पण पाठ बघा. गर्डर आहे गर्डर!"

त्यांच्या मिसेस पोह्यांत लिंबू पिळण्यात फारच गुंतल्या.

तेवढ्यात सोनलने पायाशी बघितलं. "ही वायर कसली?"

प्रसादने सांगितलं. सगळं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ती म्हणत होती, "मग आत्ता लागत असेल की! लावा ना. आमच्यामुळे कशाला चुकवता?"

झालं. दिवे गेले, फ्रिज गेला, पाहुण्यांसमोर समई आली. मी जरीच्या साडीत गॅलरीत जाऊन रेडिओ धरला. गाणं सुरू झालं, छान सुरू झालं, आणि टर्र. थांबली. पुन्हा टर्र. पुन्हा थांबली. श्वास घेतल्यासारखी.

प्रसाद आतून बाहेर आला. "ही आपल्या घरातली नाही," तो म्हणाला. आपल्या घरातली प्रत्येक टर्र तो ओळखतो. त्याने माझ्या हातातून रेडिओ घेतला आणि वायरीसकट हॉलमधे फिरायला लागला. पोह्यांच्या बशांवरून नेला. मिसेसच्या पर्सवरून नेला. ह्यांच्यावरून नेला. सोनलजवळून नेला, तिथे गाणं अगदी स्वच्छ. हौसेरावांपाशी आला आणि रेडिओ कडाडला.

"काका, तुमच्याकडे काहीतरी चालू आहे."

"माझ्याकडे? छे!"

टर्रर्र.

हौसेरावांनी मोबाइल काढून चहाच्या ट्रेमधे ठेवला. टर्रर्र. घड्याळ काढलं. टर्रर्र. प्रसाद गुडघ्यावर बसला आणि डॉक्टर नळी फिरवतात तसा रेडिओ फिरवत त्यांच्या मागे गेला.

"काका, पाठ."

"काही नाहीये पाठीला!"

"अहो, सांगून टाका आता," मिसेस म्हणाल्या.

"तू गप!"

पण रेडिओ गप बसेना. शेवटी हौसेरावांनी शर्ट वर केला. कमरेला काळा पट्टा, त्याला बॅटरीची डबी, तिच्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा. पाठदुखीचा पट्टा, थोडा थोडा विजेचा झटका देणारा. डॉक्टरांनी दिलेला. मुलीच्या बापाची पाठ गेली आहे, हे पहिल्याच भेटीत मुलाकडच्यांना कशाला कळायला हवं, म्हणून शर्टाच्या आत लपवलेला.

प्रसादने अतिशय नम्रपणे विचारलं, "काका, अर्धा तास बंद ठेवता येईल?"

"बंद केला तर मला इथून उठता येणार नाही!"

प्रसादने क्षणभर विचार केला. खरंच केला, मी त्याची आई आहे, मला दिसलं. मग म्हणाला, "मग राहू दे."

आणि सोनलला हसू फुटलं. तोंडावर ओढणी दाबली, तरी आवरेना. शेवटी ती उठून आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून हसत राहिली. मी तिला पाणी दिलं, तर "सॉरी काकू" म्हणाली आणि पुन्हा हसली.

हौसेरावांना काही हसू आलं नाही. "विमानतळावरसुद्धा माझी अशी झडती घेतली नाही कुणी," ते म्हणाले, भिंतीला धरून उठले, आणि दारात म्हणाले, "कळवतो."

कळवतो! आजवर हे वाक्य मुलाकडचे म्हणत आले. मुलीच्या वडलांच्या तोंडून ते ऐकलं आणि ह्यांचा चेहरा उतरला. त्यानंतर फोन नाही. दोन रविवार गेले. मी म्हटलं, आपण करू या का? हे म्हणाले, "आपण मुलाकडचे. आपण फोन करून उत्तर मागायचं? अजिबात नाही."

"अहो, झडती आपण घेतली."

"झडती प्रसादने घेतली. आणि सापडलं की नाही?"

आज संध्याकाळी कार्यक्रम झाल्यावर मी दूध घेऊन प्रसादच्या खोलीत गेले. पडद्यावर नेहमीचं कणीस होतं, पण केसाळ, काटेरी, सारखं फुगणारं आणि बसणारं. आजचं नव्हतं ते. खाली नाव लिहिलं होतं, "हौसेराव".

"हे साफ करायचं राहिलं का रे?"

"नाही."

"मग काढून टाक की ती टर्र. गाणं किती खराब झालंय."

"असू दे."

माझ्या मुलाने टर्र ठेवली. ज्याने माझं साधं खोकणंसुद्धा हात हलला म्हणून खुडून टाकलं, त्याने एका परक्या माणसाची पाठ सांभाळून ठेवली होती. मी खुर्ची ओढून बसले.

"हे बघ," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथे टर्र एकदम बारीक होते. काका वळले ना तेव्हा. ती हसायला लागली म्हणून."

"हसणं ऐकू येतं?"

"कसं येईल? वायरीत बाहेरचा आवाज जातच नाही." मग बोट न उचलता म्हणाला, "पण इथंच आहे ते."

मी त्या जागी बघितलं. मला काही दिसलं नाही. तो बघत होता.

"त्यांचा फोन आला होता का?" त्याने विचारलं. मान वर न करता.

आजवर इतकी स्थळं येऊन गेली, पण हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाला, आणि दूध पिऊन टाकलं. साखर घालायची राहिली होती, तेही त्याला कळलं नाही.

आता दोघंही झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. ह्यांना विचारलं तर नाहीच म्हणतील, म्हणून विचारणार नाही. सकाळी हे फिरायला बाहेर पडले की फोन करायचा. मिसेसना नाही, सोनललाही नाही. हौसेरावांनाच, दुकानात गिऱ्हाईक यायच्या आत. मुलाकडच्यांनी होकार मागायला फोन करू नये, हे मला मान्य आहे. पण माणसाच्या पाठीची चौकशी करायला कुणाची ना नसावी. पाठ कशी आहे विचारीन. त्या दिवशीचं मनात ठेवू नका म्हणेन. ते पुढे काही बोलले तर ऐकीन, आणि नाहीच बोलले, तर सरळ विचारीन, सोनल काय म्हणते.