तळघरातल्या मुलींची वकील

परळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, युनियनचं ऑफिस होतं आणि त्यातल्या खिडकीजवळच्या टेबलावर दर्शना तळवडेकरची वकिली चालायची. दर्शना लालबागच्या चाळीत वाढलेली. तिची आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. नवी मशिनं आली तेव्हा आधी बायकांना घरी बसवलं, आणि त्यांच्यासाठी गेटवर कुणी उभंसुद्धा राहिलं नाही. आई हे सांगताना कधी चिडायची नाही, म्हणूनच दर्शनाला ते जास्त लागायचं. कामगारांची वकील व्हायचं तिनं कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं.

पण ती वकील झाली तोवर कामगार बदलले. आता तिच्याकडे यायची ती विशीतली पोरं, ज्यांना आपला मालक नेमका कोण हेही सांगता येत नसे.

कीर्ती त्यांतलीच. लालबागला एका इमारतीच्या तळघरात घरपोच किराण्याचं गोदाम होतं, तिथं ती माल पिशव्यांत भरायची. एका दुपारी दोन मैत्रिणींना घेऊन ती आली. बराच वेळ शिफ्टचं, सुट्टीचं बोलणं झालं. शेवटी मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, तिकडे बाथरूमच नाहीये."

"मग करता काय?"

"समोरचा हॉटेलवाला आधी जाऊ द्यायचा, आता नाही देत. सुपरवायझर बोलतो, घरून आटपून या. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही." तिनं आवाज आणखी खाली आणला. "मला दोनदा इन्फेक्शन झालं. डॉक्टर बोलले, भरपूर पाणी पी. कसं पिऊ?"

युनियनचे सेक्रेटरी हितेंद्रकाका पलीकडच्या टेबलावरून ऐकत होते. मुली गेल्यावर ते म्हणाले, "दर्शना, पगारावर भांड, पोरं पाठीशी उभी राहतील. संडासासाठी कोण मोर्चा काढणार?"

"काका, पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. म्हणून तुम्हाला हा कामगारांचा प्रश्न वाटत नाही."

काका पुन्हा आपल्या फायलीकडे वळले. त्यांनी अडवलं नाही, पण सोबतही आले नाहीत.

दर्शनानं कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दाखल केली. कायदा तिच्या बाजूनं होता. सुनावणीला, गोदाम चालवणाऱ्या कंत्राटदाराचा वकील शांतपणे म्हणाला, "या मुली कामगार नाहीत, शिकाऊ आहेत. आणि तक्रार आहे तरी कुणाची? समोर येऊ दे." बाकीच्या मुली जमिनीकडे बघत राहिल्या. कीर्ती उठली. "माझी आहे," म्हणाली. दर्शनाचा ऊर भरून आला. नंतर मात्र तो क्षण आठवला की तिला वाटायचं, आपण तिला खाली बसवायला हवं होतं.

अधिकाऱ्यांनी गोदामाची तपासणी करायला सांगितलं. तपासणीला माणसं पोचली तेव्हा शटर खाली होतं. आत पुठ्ठ्याचे तुकडे तेवढे उरले होते. सगळ्या मुलींचं काम एकाच दिवशी गेलं.

थोड्याच दिवसांत त्याच कंत्राटदारानं दुसऱ्या नावानं वरळीला गोदाम उघडलं. मुलींना एकेक करून फोन गेले. कीर्तीला गेला नाही.

हे सूडानं केलंय हे उघड होतं. पण दोन्ही गोदामांतली माणसं तीच आहेत असं सांगणारी एक तरी मुलगी हवी होती. दर्शना वरळीच्या बीडीडी चाळीत प्रितीकडे गेली. पहिल्या दिवशी कीर्तीसोबत आली होती ती प्रिती. तिनं चहा टाकला आणि दार लोटून घेतलं.

"मी नाही येणार, मॅडम."

"तुला फक्त खरं तेवढं सांगायचंय."

"पप्पा घरी बसलेत. धाकटीची बारावी आहे." प्रितीच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही खरं बोललात तर तुमची वकिली जात नाही. आमचं काम जातं. गेलं ना एकदा."

 दर्शना चहा संपवून जिना उतरली.

पुढच्या आठवड्यात कीर्तीच ऑफिसात आली. टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. "मॅडम, तक्रार मागे घेतली तर कंत्राटदार कामावर घेतो बोलला."

"तिकडे बाथरूम आहे?"

"प्रिती बोलली, नाहीये."

"कीर्ती, अजून एक-दोन तारखा थांब. आपण जिंकू शकतो."

"तोवर घरी काय सांगू? आई रोज विचारते." तिचे डोळे भरले. "तुम्हाला नाही आवडणार, माहितीये मला."

वकिलानं अशिलाचं म्हणणं मांडायचं असतं, स्वतःचं नाही. दर्शनानं माघारीचा अर्ज स्वतःच टाइप केला. 'नव्या जागी महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय केली जाईल', अशी एक ओळ तिनं त्यात घातली. सुनावणीच्या दिवशी समोरच्या वकिलानं ती वाचली. "हे असेल तर तिला कामावर घ्यायचं राहू दे मग," तो म्हणाला. कीर्तीनं दर्शनाची बाही धरली. दर्शनानं पेन काढलं आणि ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली.

"आपसात मिटलं, बरं झालं," अधिकारी म्हणाले.

बाहेर जिन्यात कीर्तीनं विचारलं, "रागावलात?"

"तुझ्यावर नाही गं."

एवढ्यात कीर्तीचा फोन वाजला. सुपरवायझर होता, आजच दुपारच्या शिफ्टला ये म्हणत होता. ती "हो सर, हो सर" करत पायऱ्या उतरली आणि खाली पोचल्यावर बसस्टॉपकडे धावली. दर्शना कठड्याला टेकून बघत राहिली. आतून पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला. दर्शनाचंच प्रकरण होतं. पुन्हा पुकारा झाला, तरी तिचा पाय उचलेना.