पडद्याआडचं बेट

शिंगाडे उकडायला ठेवले की त्या चिखलट वासानं माझं डोकं आजही तापतं. लग्नानंतर आम्ही दोघं बैलांच्या दमणीनं महाल वस्तीतून रामटेकला निघालो होतो. आमच्या घराण्यात गोषा, म्हणून माझ्या चारी बाजूंनी जाड पडदा बांधलेला. हे मात्र पुढे गाडीवानाशेजारी, मोकळ्या वाऱ्यात. तिथून ओरडले, "पाह्य वं, तळ्यात बेट दिसून राह्यलं!"

"मले काय दिसते इथून? पडदा उघडा न!"

"लोक पाह्यतीन तुले." आणि फटीतून ओले शिंगाडे आत सरकवले.

आज सुनेला कौतुकानं सांगत होते, "आम्ही दोघांनी ते बेट पाह्यलं."

मी पातेलं आपटलं. "बेट तुम्ही पाह्यलं. मी पडद्याची शिवण पाह्यली."