मागच्या खुर्चीवरच्या दाई

नाटक इतकं मनावर घेणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. अभिनय शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, मोठमोठे नट जवळून पाहिले, दिग्दर्शक पाहिले, पण रायपूरच्या आमच्या घरमालकीणबाईंची सर कुणालाच नाही. त्यांनी एकही नाटक धडपणे शेवटापर्यंत होऊ दिलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा छत्तीसगढ राज्य नवीन झालं होतं आणि राजधानी झाल्याची रायपूरला अजून सवय व्हायची होती. रोज कुठलं तरी नवं कार्यालय जन्माला येई आणि जन्मतःच छप्पर मागे. मी विदर्भातून विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवायला आलो तेव्हा विभागाला एक बरा हॉल होता. एका सकाळी तिथे फायलींची कपाटं उतरू लागली आणि दुपारपर्यंत मी, माझे विद्यार्थी, एक हार्मोनियम आणि लाकडी तलवारींचं पोतं असे सगळे व्हरांड्यात आलो. संध्याकाळी ही रडकथा मी घरमालकीणबाईंना सांगितली. मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहत असे. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते. वर्ध्याकडून बदली होऊन ते इथे आले, इथेच घर बांधलं आणि मुलाचं लग्न घरातच व्हावं म्हणून खाली ऐसपैस हॉल काढला. मुलाने परस्पर पुण्यात लग्न केलं, यजमान गेले आणि हॉल तसाच राहिला. माझं ऐकून घेऊन बाई म्हणाल्या, "मंग आपल्या घरी आणा न पोट्ट्यांना." अट एकच होती. त्यांना तिथे बसू द्यायचं.

त्या बसत स्वयंपाकघराच्या दाराशी, हॉलच्या पार मागच्या टोकाला, वेताच्या खुर्चीवर. हातात काहीतरी काम असे. कधी लाखोळीची डाळ निवडत, कधी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत. पोरं हिंदीत नाहीतर छत्तीसगढीत बोलायची, बाई सगळ्यांशी आपल्या वऱ्हाडी मराठीत बोलायच्या आणि कुणाचं कुणावाचून अडत नसे. छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. पहिल्या आठवड्यातच पोरांनी त्यांना दाई करून टाकलं. मराठी माणसाला त्या शब्दाने जरा दचकायला होतं, पण पुढे मीही दाईच म्हणू लागलो.

दाईंची पहिली तक्रार ऐकू न येण्याची. कान ठणठणीत होते. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला काय भाव सांगतोय ते त्यांना खुर्चीवरून कळे. पण नाटक सुरू झालं की घटकेघटकेला "मले ऐकू नाही येऊन राहिलं" असं चाले. एका पोराने अदबीने सुचवलं की दाई, खुर्ची थोडी पुढे घ्या. दाईंच्या हातातली शेंग थांबली. "मी काहून सरकू? तू आवाज सरकव न इकडं." छातीतून आवाज काढा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवा, हे मी जीव तोडून शिकवत होतो. ते त्या एका वाक्यानंतर पोरांना समजलं.

दुसरी अडचण अशी की नाटकातलं दुःख त्यांना बघवत नसे. भूकबळीच्या एका प्रवेशात नट जमिनीवर कोसळून "दोन दिवसांपासून पोटात अन्न नाही" म्हणाला, तर दाई उठल्या आणि भात नि भाजीचं ताट त्याच्यापुढे ठेवून परत जाऊन बसल्या. पोरगं वसतिगृहात राहणारं. त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भूमिकेतून अजिबात बाहेर न येता सगळा भात संपवला. त्या वर्षी उपाशी माणसाच्या भूमिकेसाठी विभागात भांडणं झाली. मरणाच्या बाबतीत मात्र त्यांचा कायदा कडक होता. दिवेलागणीला त्यांच्या घरात कुणी मरायचं नाही. त्यामुळे आमच्या तालमींत सगळे मृत्यू उजेडातच उरकले जात आणि नायक दुपारी मरून संध्याकाळी प्रेमात पडे.

भनपुरीहून येणारा एक विद्यार्थी होता. त्याच्या बापाचं ट्रकांचं गॅरेज होतं आणि हा स्वभावाने अगदी गाय. त्याला मजुरांना छळणाऱ्या ठेकेदाराची भूमिका मिळाली आणि त्याचा चहा बंद झाला. सगळ्यांना कप मिळे, याला वगळून. शेवटी तो रडवेला होऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. दाई म्हणाल्या की तू चांगला पोट्टा आहेस हे मला ठाऊक आहे, पण त्या बाईची मजुरी कापलीस ती का? पोरगं सांगू लागलं की ठेकेदारालाही वरून कुणीतरी दाबतंय, तोही घाबरलेला आहे. दाई म्हणाल्या, "हे मले आता सांगून राहिला. तिकडं उभा होता तवा काहून नाही दिसलं?" दुसऱ्या दिवसापासून त्याचा ठेकेदार घाम पुसत, मागे वळून बघत बोलू लागला. चहा सुरू झाला. मी जे तीन तासिका फळ्यावर समजावलं होतं, ते एका कपाने झालं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

मी सुरुवातीला त्यांना गप्प बसवण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. प्रेक्षकाने मध्ये बोलायचं नसतं, असं परोपरीने सांगितलं. त्या "हव हव" म्हणत आणि पुढच्याच वाक्याला उत्तर देत. तेव्हा पोरांनी मला समजावलं की सर, आमच्याकडे पंडवानीत महाभारताची कथा गाणाऱ्याच्या शेजारी एक रागी बसतो. तो हुंकार भरतो, प्रश्न विचारतो, म्हणून कथा पुढे सरकते. दाई आमच्या रागी आहेत.

ही पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत असताना एक मुलगी मात्र भिंतीशी बसून राही. तिचं नाव लोकेश्वरी. रायपूरच्या कडेच्या बीरगांवची, बाप कारखान्यात कामाला, घरात कुणी नाटक बघितलेलं नाही. बोलली तर ओठ हलल्याचा भास व्हावा इतकंच. परीक्षेत प्रत्येकाने स्वतः लिहिलेला एक तुकडा एकट्याने करायचा असे. तिचं कसं होणार याची मला धास्ती होती. बापाने सांगून ठेवलं होतं की या वर्षी नापास झालीस तर हे सोडायचं आणि लग्नाचं बघायचं.

तिने लिहून आणलं ते मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गावाकडची एक म्हातारी बेसनाच्या तळलेल्या ठेठरीचं गाठोडं घेऊन बीरगांवला मुलाच्या खोलीवर येते. दार बंद. ती हाका मारत राहते, कुणी उघडत नाही. शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांना लांबलचक बोलून ती परत जाते. अशा बायका लोकेश्वरीने लहानपणापासून आपल्या चाळीत पाहिल्या होत्या.

पहिल्या तालमीला ती उभी राहिली आणि बंद दाराकडे बघून पुटपुटली, "घर म कोनो हे का?" म्हणजे घरात कुणी आहे का. मागच्या खुर्चीवरून ताबडतोब उत्तर आलं, "हव, आहे न. ये."

पोरं हसली. मी दाईंना सांगितलं की अहो, या नाटकात घरात कुणी नाही, तोच तर या नाटकाचा जीव आहे. दाई म्हणाल्या की एवढ्या लांबून आलेल्या बाईला दारात उभं ठेवायचं, हे आपल्याच्यानं होणार नाही. पण लोकेश्वरी हसली नाही. तिने पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्याने. पुन्हा उत्तर आलं. मग ती रोज येऊन हाक मारू लागली आणि रोज दाई ओ देऊ लागल्या. तुकडा पुढे कधी गेलाच नाही, पण मुलीचा आवाज भिंतीपासून निघून मागच्या खुर्चीपर्यंत पोचला. तो तेवढा वाढावा म्हणून मी नाटक बिघडू दिलं.

परीक्षा दाईंच्याच हॉलमध्ये झाली, कारण विभागाला दुसरी जागा नव्हती. बाहेरगावचे परीक्षक आले. शिस्तीचे गृहस्थ. मागची खुर्ची पाहून त्यांनी विचारलं की या कोण, आणि बाहेरच्या माणसाला बसता येणार नाही असं सभ्यपणे सांगितलं. दाईंना त्यांच्याच हॉलमधून उठवून त्यांच्याच स्वयंपाकघरात पाठवण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. त्या सूप उचलून निमूट उठल्या. मी हळूच म्हटलं की आतूनही ओ देऊ नका, पोरीचे मार्क जातील. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

लोकेश्वरी उभी राहिली. परीक्षक मान खाली घालून लिहीत होते. तिने हाक मारली, "घर म कोनो हे का?" आणि सवयीने थांबली. काहीच आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली. तिची नजर मागच्या रिकाम्या खुर्चीवर गेली, स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दारावर गेली. तिसरी हाक मोठी होती आणि अर्ध्यात फाटली. सुरुवातीला ज्या बाईला मी गप्प राहा म्हणून विनवलं, तिने आत्ता या क्षणी एकदा बोलावं, असं मला इतकं तीव्रतेने वाटलं की मी स्वतःच ओ देतो की काय अशी भीती वाटली. आतून सुपाचा आवाजही येत नव्हता.

लोकेश्वरी तशीच उभी राहिली. मग ती खाली बसली. शेजाऱ्यांना उद्देशून लिहिलेलं ते सगळं लांब बोलणं तिने सोडून दिलं. गाठोडं सोडलं, एकेक ठेठरी काढून नसलेल्या उंबऱ्यावर नीट मांडली, फडकं झटकून त्याची घडी केली आणि दाराकडे तोंड करून बसून राहिली. परीक्षकांचं लिहिणं केव्हाच थांबलं होतं.

त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की हे शेवटचं कुणी बसवलं? लोकेश्वरी म्हणाली, "दाई आज कुछु नइ बोलिस, सर." दाई आज काही बोलली नाही. परीक्षकांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली, आणि त्या वर्षीचे सर्वांत जास्त मार्क तिला मिळाले.

मी स्वयंपाकघरात गेलो. दाई विझलेल्या शेगडीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात धरलेला. तो काढून त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोट्टी दारात उभी राहून हाका मारून राहिली होती सर, अन मी घरात होती. असं मले पुन्हा सांगू नका."

तेवढ्यात लोकेश्वरी आत आली. त्यांच्याशेजारी फरशीवर बसली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, पूर्वीच्या तिच्या आवाजात विचारलं, "घर म कोनो हे का?"

"हव," दाई म्हणाल्या. "आहे न. ये."

पुढे विभागाला शहराबाहेर स्वतःची इमारत मिळाली. काळे पडदे आले, दिवे आले, उतरत्या रांगांतल्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. उद्घाटनाच्या प्रयोगाला पोरांनी दाईंना पहिल्या रांगेत बसवलं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. पूर्ण प्रयोगात एक अक्षर बोलल्या नाहीत. परतताना मी कारण विचारलं तर म्हणाल्या की अंधारात माणसं खूप होती, कोणाच्या मधात बोलायचं? त्या पुन्हा तिकडे आल्या नाहीत. लोकेश्वरी आता गावोगावच्या शाळांतून मुलांची नाटकं बसवते, आणि रायपूरला आली की आधी दाईंकडे उतरते, मग बापाकडे जाते.

मीही सरकारी क्वार्टरमध्ये गेलो. भेटी आठवड्याच्या महिन्यावर आल्या, महिन्याच्या सणावारावर. मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा दाई हॉलमध्येच खाट टाकून पडल्या होत्या. फार बारीक झाल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या की सर, तुम्ही एवढ्या पोट्ट्यांना शिकवलं, पण तुमचं काम मी कधी पाहिलंच नाही. कितीतरी वर्षांत मी स्वतः उभा राहिलो नव्हतो. तरी उठलो, चपला काढल्या आणि तरुणपणी पाठ केलेला एका बापाचा प्रवेश करू लागलो. पहिल्या चार वाक्यांना त्या टक लावून बघत होत्या. मग झोपेने पापण्या जड झाल्या आणि मान एका बाजूला कलली.

बाहेर ऊन तापलं होतं, कूलर घुरघुरत होता. थांबावं असं मनात आलं, पण त्या बापाला मध्येच सोडून जाणं काही जमेना. मी खाटेच्या जवळ सरकलो, आवाज उतरवला, आणि त्यांची झोप मोडणार नाही इतक्या हळू तो प्रवेश शेवटापर्यंत केला.