उरलेल्या गोळ्या

ओआरएसचा संत्र्यासारखा वास आला की सरोजिनी नगरमधला तो दवाखाना आठवतो. धाकट्या भावाचा टायफॉइडचा ताप गोळ्या चालू असूनही उतरत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, “पहले कभी एंटीबायोटिक दी थी?” “नहीं, बिल्कुल नहीं,” आई म्हणाली. खरं तर त्याचं पोट बिघडलं की ती औषधांच्या डब्यातल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या द्यायची आणि उरलेल्या जपून ठेवायची. भाऊ डोळेही उघडत नव्हता. घरून निघताना पर्समध्ये टाकलेली त्याच गोळ्यांची अर्धी स्ट्रिप मी गुपचूप टेबलावर ठेवली. “अधूरी दवा से कीटाणु ढीठ हो जाते हैं, मैडम,” म्हणत डॉक्टरांनी त्या निर्ढावलेल्या जंतूंसाठी औषध बदललं. ऑटोत आई एवढंच म्हणाली, “आधी मला सांगायचंस ना.” भाऊ बरा झाला. अजूनही कुणाचा कोर्स संपला की आई रिकामी स्ट्रिप माझ्यासमोर ठेवते.