हलगी दारापर्यंत

"इथं काही जाळू नका. पाहुणे यायचेत. तिकडं मुतारीच्या मागं जा."

सर हे माझ्या वडिलांना म्हणाले. शिरूरमधल्या एका हॉलच्या गेटवर, गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी, माझ्यासमोर.

आप्पा उकिडवे बसून हलगी शेकत होते. वाजवण्याआधी हलगी जाळावर धरावी लागते. कातडं तापून ताणलं जातं, तेव्हा आवाज खणखणीत येतो. जाळायला कागद मीच दिला होता. उरलेली पोस्टरं. त्यांवर छापलं होतं : कला महोत्सव. प्रवेश विनामूल्य. सर्वांचे स्वागत.

आप्पांनी मातीनं जाळ दाबला आणि हलगी उचलून मुतारीच्या मागं गेले. मी गेटवरच उभी राहिले. माझ्या गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड होतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आप्पा मूळचे राहू गावचे. आता रांजणगावला एका कंपनीत कंत्राटावर आहेत आणि आम्ही कारेगावात खोली घेऊन राहतो. कारेगावात महोत्सवाची पोस्टरं मीच चिकटवली होती. एक आईला वाचून दाखवलं. गाणं, नाटक, पिक्चर, सगळं फुकट. आईनं विचारलं, "आपल्याला बी?" मी म्हणाले, सर्वांना म्हणजे सर्वांनाच.

महोत्सव भरवणारे सर आम्हाला कॉलेजात शिकवतात. आप्पा हलगी वाजवतात हे त्यांना कळलं, तेव्हा उद्घाटनाला वादन पाहिजे म्हणाले. मला वाटलं, स्टेजवर. घरी तसंच सांगितलं. आप्पांनी शिफ्ट बदलून घेतली. आईनं पांढऱ्या शर्टला इस्त्री केली.

वादन गेटपासून हॉलच्या दारापर्यंत होतं. पाहुण्यांच्या पुढं चालत. दारातून पाहुणे आत गेले आणि आप्पा बाहेरच थांबले. त्यांना कुणी अडवलं नाही. राहूला हलगी देवळाच्या पायरीपर्यंत असायची. पायरीच्या पुढं बाकीची मंडळी जायची. उंबरा आला की आप्पांचे पाय आपोआप थांबतात.

मी सरांना भीत भीत विचारलं, आप्पांना आत बसवू का? सर घाईत होते. म्हणाले, "अगं, अजून दोन पाहुणे यायचेत. ते आत बसले तर गेटवर वाजवणार कोण? आणि पिक्चर हलगीवरच आहे. त्यांना त्यात नवीन काय?"

त्यांचा आवाज चढलेलासुद्धा नव्हता.

एवढ्यात वर्गातली एक मैत्रीण आली. दाराकडं बोट करून म्हणाली, "ते कोण गं?"

मी म्हणाले, "वाजवणारे आहेत."

हे वाक्य लिहिताना हात थांबतो. पण ते मीच बोलले. सरांनी नाही.

पिक्चर सुरू झाला. हलगीवरचा माहितीपट. पडद्यावर काळपट हात, जाळ, जाळावर धरलेलं कातडं. लोक वा म्हणत होते. पडद्यावरच्या जाळाला कुणी मुतारीच्या मागं धाडलं नाही.

नंतर प्रश्नोत्तरं. ज्याला प्रश्न आहे त्याच्यापर्यंत माईक न्यायचा आणि परत घ्यायचा, हे माझं काम. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, असे कलाकार आता आहेत का? पिक्चर काढणारे पाहुणे स्टेजवरून म्हणाले, "दुर्दैवानं आपल्या भागात आता फारसं कुणी उरलं नाही." हॉलमध्ये लोक हळहळले.

बाईंनी माईक माझ्या हातात परत दिला होता. तो चालू होता.

"आहेत," मी म्हणाले. "दोन तास झाले, बाहेर दारात उभे आहेत. माझे वडील आहेत ते."

सगळ्या माना वळल्या. सर पहिल्या रांगेतून उठले, हसत. "अरे वा! मग आणा की त्यांना आत. दोन मिनिटं वाजवून दाखवतील." टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. कुणीतरी आप्पांना दंडाला धरून आत आणलं. त्यांनी आधी चपला दाराबाहेर काढल्या. त्या हॉलमध्ये सगळे चपला-बूट घालून बसले होते.

मी माईक सोडला नाही.

"ते वाजवणार नाहीत. त्यांना पुढं खुर्ची द्या. ते बसतील."

टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतलं कुणी उठलं नाही. सरांनी हात पुढं केला. "तू आधी माईक दे."

तेव्हा आप्पांनी कातड्यावरून तळवा फिरवला. "ऱ्हाऊ द्या सर. गार झालीय. परत शेकाय जाळ लागंल, आन् जाळ तुमच्यात चालत न्हाई."

ते बाहेर गेले. मी माईक आणि कार्ड स्टेजच्या कडेला ठेवलं आणि त्यांच्या मागं निघाले.

कारेगावपर्यंत गाडी आप्पांनीच चालवली. खोलीपाशी गाडी लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या पोरीला काय म्हणालीस, ऐकलं म्या."

माईकवर बोललेलं खरं असलं, तरी त्यानं आधीचं पुसलं जात नाही. त्यानंतर आप्पांनी हलगी खुंटीवरून काढलेली नाही.

यंदा सरांचा मेसेज आला. महोत्सव आहे, वडिलांना विचार. मी आप्पांना विचारलं नाही. सरांना उत्तर लिहिलं : वादकाचं नाव पोस्टरवर, वादन स्टेजवर, वादनानंतर पहिल्या रांगेत खुर्ची. हे कबूल असेल तर विचारीन. यायचं का, हे तेच ठरवतील. गेटवर कुणी येणार नाही.

सरांनी वाचलं. उत्तर दिलं नाही.

नाही दिलं तर नाही दिलं. 'सर्वांचे स्वागत' लिहिलेला एकही कागद आता मी कारेगावात चिकटवणार नाही. आणि कुणी विचारलं, ते कोण, तर आधी नातं सांगेन, मग काम. हातात माईक असो वा नसो. आप्पा ऐकत असोत वा नसोत.