सरूबाईचा मंगळवार

खुलताबादच्या शिवारातली आमची विहीर चौघांची. सरूबाई, तिचा पुतण्या बद्रीनाथ, कडूबा आणि मी. पाण्याचे वार वाटून घेतलेले. सरूबाईचा मंगळवार, माझा गुरुवार. कुणाचं पीक जळायला लागलं तर शेजाऱ्यानं आपली पाळी उसनी द्यायची, हा मोटेच्या काळापासूनचा रिवाज.

सरूबाईसारखं दारं धरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. फावड्याच्या दोन घावांत पाणी ह्या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायची, थेंब वाया जायचा नाही. नवरा गेल्यावर अर्ध्या एकरातल्या मेथी-वांग्यांवर तिनं दोन पोरी उजवल्या.

मग शहर वाढलं, व्यापाऱ्यांच्या गाड्या थेट बांधावर यायला लागल्या, आणि त्यातल्या एकानं बद्रीनाथच्या डोक्यात दुबईला पाठवायचं डाळिंब भरवलं. बागेच्या ठिबकला रोज पाणी हवं. बद्रीनाथनं कडूबाची आणि माझी पाळी पाच वर्षांसाठी मागितली. बागेत वाटा देतो म्हणाला, आम्ही हुरळून हो म्हणालो. सरूबाईला कुणी सांगितलंसुद्धा नाही! तिला मंगळवारी पाईपनं पाणी देईन, असं बद्रीनाथ आम्हालाच म्हणाला. दोन मंगळवार मिळालं, पुढं मंगळवारचं पाणीही बागेलाच जायला लागलं. तिची वांगी माना टाकत होती आणि आम्ही शहाणे पारावर दुबईचे भाव बोलत होतो. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मे महिन्यात बद्रीनाथनं बाग ताणावर सोडली. म्हणजे महिनाभर पाणी तोडायचं, झाडानं पानं गाळायची आणि मग व्यापाऱ्याला हव्या त्या वेळी एकदम फुलायचं. सरूबाईला यातलं काय ठाऊक? तिला दिसलं एवढंच की विहिरीत पाणी आहे आणि पुतण्याची झाडं वाळतायत. तिचा जीव कळवळला. मोटर चालू केली, ठिबकच्या नळ्या बाजूला सारल्या आणि दिवस मावळेपर्यंत अख्ख्या बागेला पाणी दिलं. सोमवार होता, बद्रीनाथचा वार. म्हणून स्वतःच्या वांग्यांकडं तिनं एक थेंब वळवला नाही.

बद्रीनाथ धावत आला. मीही मागोमाग गेलो.

"काकू, वाटोळं केलं तुम्ही! सगळा बहार गेला!"

"झाडं मरायली व्हती रे."

"मरत नाय ती. ताणावर सोडलीत."

सरूबाईनं बांधापलीकडं बोट दाखवलं. "अन् माझी वांगी? ती बी ताणावरच सोडली का? त्यायला कव्हा पाणी देणार?"

बद्रीनाथ विहिरीकडं वळला. मोटरीच्या खोलीला कुलूप घातलं. माझं डोकं फिरलं.

"तिचा मंगळवार तर तू गिळलाच," मी ओरडलो. "निदान माझा गुरुवार दे तिला. उसना!"

"आप्पा, तुमचा गुरुवार हाये कुठं आता?" किल्ली खिशात टाकत तो म्हणाला. "तुम्हीच नाय का मला दिला?"

सरूबाईनं माझ्याकडं पाहिलं. तिला हे आत्ता कळत होतं.

"उद्या तुमच्याकडंच येणार व्हते, आप्पा," ती म्हणाली. "गुरुवार मागाया."