पाटात राहिलेलं पाणी

तिसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. इतकं रक्त गेलं की आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर उभं करून सांगितलं, पुन्हा दिवस राहिले तर बाई हाती लागणार नाही.

नव्वद साल यायला थोडं बाकी होतं. जैनथकडच्या आमच्या गावात नवरा-बायको असल्या गोष्टी बोलत नसत. आम्हाला बोलावं लागलं, कारण दिवस राहू न देण्याचं साधन चुकलं असतं तर मेले मी असते.

गोळ्या रोज आठवणीनं घ्यायच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत मी अंधारात भाकरी थापून शेतात पळायची. त्या धांदलीत जेवायचंही विसरायची, गोळी कुठून लक्षात राहणार? तांबी बसवली की अंगावरून जास्त जातं असं उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, आणि माझ्या अंगात जायला रक्त उरलं नव्हतं. बाईचं ऑपरेशनही त्याच कारणानं डॉक्टरीणबाईंनी पुढे ढकललं होतं. निरोध फुकट मिळे, पण तो नवऱ्याच्या मर्जीवर, आणि पुरुषाची मर्जी एखाद्या रात्री फिरतेच. म्हणजे उरलं पुरुषाचं ऑपरेशन.

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याच्या डोक्यात बैल होता. गोऱ्हा नांगराला जुंपायच्या आधी खच्ची करतात, तेव्हा दोर धरायला तो लहानपणापासून असायचा. आपलंही तेच होणार असं त्यानं धरून ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं, खच्ची केलेला बैलच तर नांगर ओढतो. तो हसला नाही. मग मी त्याला नर्सबाईंकडे नेलं. बाई तेलुगू बोलणाऱ्या, पण मोडक्या मराठीत, भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं की काहीच काढत नाहीत, आतली नळी तेवढी कापून बांधतात. त्यानं चित्राकडे पाहिलं नाही. ऐकलं मात्र सगळं.

सासूनं अडवलं. तिची चार लेकरं लहानपणीच गेली होती.

"तुमी दोघं साधनाचा भरवसा पाहून राह्यले, मी लेकरायचा पाहतो," ती म्हणाली. "उद्या एखादं गेलं त मंग?"

तिचं खोटं नव्हतं. जे तिनं भोगलं तेच ती बोलत होती. पण मीही गप्प बसणारी नव्हते.

"आत्या, अन् मी गेली त हे तिघं कोणाच्या भरवशावर?"

ती उठून म्हशीला पाणी पाजायला गेली. हो म्हणाली नाही, पण पुन्हा अडवलंही नाही.

वेचणी संपल्यावर नवऱ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना आम्हाला बजावलं होतं की नळीत आधीचं बीज उरलेलं असतं, तीन महिने निरोध वापरा, मग तपासणी करा, तोवर भरवसा धरू नका. थोड्या दिवसांनी नवऱ्यानं पाकीट बाजूला सारलं. "आता कायले पायजे हे? ऑपरेशन त झालं."

शेजारच्या गावात एकानं अशीच घाई केली होती. त्याच्या बायकोला दिवस राहिले आणि गावानं नावं तिलाच ठेवली. माझ्या नावाची मला फिकीर नव्हती. मला जगायचं होतं.

"मोटर बंद केली की पाटातलं पानी तिथंच थांबते का?" मी विचारलं. "शेवटल्या सरीपावतर जातेच ना?"

गव्हाला पाणी देण्यात त्याचा हिवाळा गेला होता. त्याला निराळं समजावावं लागलं नाही. त्यानं पाकीट उचललं, आणि तपासणीत सगळं स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा तो विषय काढला नाही.

मृगाच्या तोंडावर त्यानं वखर जुंपलं तेव्हा सासू शिदोरी घेऊन आली आणि बांधावरच उभी राहिली. पोरगा कुठं कमी पडतो का, हे तिला पाहायचं होतं. त्यानं या बांधापासून त्या बांधापर्यंत एक तास पुरा केला, दुसरा धरला.

"वखर त सरळच चालून राह्यलं," ती म्हणाली आणि भाकरीचं फडकं सोडलं.

चौथ्यांदा दिवस राहिले नाहीत. थोरलीच्या लग्नाची हळद मी माझ्या हातानं दळली. जात्याच्या खुंट्यावर दुसरा हात सासूचा होता.